द्वारपालाची क्षमता : फायरवॉल आणि व्हीपीएन यांतील सेवा-अवरोधाच्या उणिवा

अंगुत्तरनिकायाच्या सत्तकनिपातात ‘नगरोपम सुत्त’ आहे. सीमेवरच्या नगराचे रक्षण कोणत्या सात साधनांनी होते, हे तथागतांनी त्यात सांगितले आहे. खोल रोवलेला स्तंभ, खंदक, तटाभोवतीचा गस्तीचा मार्ग, शस्त्रांचा साठा, सैन्य, शहाणा द्वारपाल आणि भक्कम तट ही ती सात साधने होत. रूपक उलगडताना द्वारपालाला सतीची, म्हणजे सजगतेची, उपमा दिलेली आहे. त्याचे काम दुहेरी आहे : अनोळखी माणसाला अडवणे आणि ओळखीच्या माणसाला आत घेणे. याच सुत्तात नगरातल्या साठ्याचाही विचार येतो. गवत, लाकूड आणि पाणी, धान्य, कडधान्य, तसेच तूप, तेल, मध, मीठ यांसारखी औषधोपयोगी द्रव्ये नगरात भरपूर असावीत, असे तेथे सांगितले आहे.

संगणकाच्या जाळ्याचे रक्षण करणाऱ्या यंत्रणांचा अभ्यास करताना हे रूपक फार उपयोगी पडते. आज प्रत्येक बँक, रुग्णालय, वीज कंपनी, विद्यापीठ आणि शासकीय कार्यालय यांच्या जाळ्याच्या वेशीवर एक द्वारपाल उभा असतो. त्याला फायरवॉल म्हणतात. या द्वारपालाला चकवून आत शिरणारा चोर सर्वांच्या परिचयाचा आहे. वर्तमानपत्रांतून त्याच्या बातम्या येतात. चोरी न करता, आत न शिरता, द्वारपालालाच निकामी करणारा हल्ला मात्र कमी परिचित आहे. तसे झाले की अनोळखी माणूस बाहेर राहतोच, पण ओळखीचा माणूसही बाहेर राहतो. प्रस्तुत लेखात या दुसऱ्या प्रकाराचा विचार केला आहे. रक्षणासाठी नेमलेल्या यंत्रात अशी उणीव कशी निर्माण होते, तिच्यावर कोणते उपाय शोधले गेले आणि आपल्यासारख्या लहान-मोठ्या संस्थांनी त्यातून काय घ्यावे, हे पाहणे हा लेखाचा हेतू आहे.

काही मूलभूत संज्ञा

इंटरनेटवरून जाणारी माहिती लहान लहान तुकड्यांत जाते. या तुकड्यांना पॅकेट म्हणतात. प्रत्येक पॅकेटवर पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा पत्ता असतो. येणारे-जाणारे प्रत्येक पॅकेट तपासून, ठरवलेल्या नियमांनुसार त्याला वाट देणारी किंवा अडवणारी यंत्रणा म्हणजे फायरवॉल. आधुनिक फायरवॉल चालू असलेल्या प्रत्येक संवादाची नोंद आपल्या मेमरीत ठेवते. उत्तर म्हणून आलेले पॅकेट खरोखर कोणाच्या प्रश्नाचे उत्तर आहे का, हे तिला त्या नोंदीवरून कळते.

व्हीपीएन म्हणजे सार्वजनिक इंटरनेटमधून काढलेला खाजगी बोगदा. घरी बसून कार्यालयाच्या जाळ्यात काम करणारा कर्मचारी किंवा मुख्यालयाशी जोडलेली शाखा या बोगद्याचा वापर करते. बोगद्यातली माहिती कूटबद्ध असते. अनेकदा फायरवॉल आणि व्हीपीएनचे दार ही दोन्ही कामे एकच यंत्र करते. त्यामुळे ते यंत्र बंद पडले की तपासणी आणि येण्याजाण्याचा मार्ग दोन्ही एकाच वेळी थांबतात.

सुरक्षिततेची तीन अंगे मानली जातात : गोपनीयता, अखंडता आणि उपलब्धता. माहिती नको त्याच्या हाती पडू नये, ती कोणी बदलू नये, आणि ज्याचा तिच्यावर हक्क आहे त्याला ती वेळेवर मिळावी. तिसऱ्या अंगावर होणाऱ्या आघाताला सेवा-अवरोध म्हणतात. इंग्रजीतील ‘डिनायल ऑफ सर्व्हिस’ ही संज्ञाही रूढ आहे. या अंगाला पहिल्या दोहोंपेक्षा दुय्यम लेखण्याची सवय आहे. “चोरीला तर काही गेले नाही ना?” असे म्हणून अनेकजण सुटकेचा श्वास सोडतात. परंतु रुग्णालयात रक्तगटाची नोंद उघडत नसेल, किंवा अर्जाच्या शेवटच्या दिवशी संकेतस्थळ बंद असेल, तर माहिती सुरक्षित असल्याचे समाधान कोणाच्याही कामाचे नसते.

एखादी गोष्ट अस्तित्वात असणे आणि ती माणसापर्यंत पोहोचणे यांतला फरक आपल्या समाजाला समजावून सांगावा लागत नाही. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करणारा बोले ठराव १९२३ साली मुंबई कायदेमंडळात संमत झाला. महाड नगरपालिकेनेही चवदार तळे खुले केल्याचे जाहीर केले. तरीही पाणी हाती यायला २० मार्च १९२७ चा सत्याग्रह करावा लागला. यंत्रातला बिघाड आणि माणसावरचा अन्याय यांना एका पारड्यात ठेवण्याचा येथे हेतू नाही. कागदावर उपलब्ध असलेली आणि प्रत्यक्षात मिळणारी सेवा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढेच येथे लक्षात घ्यायचे आहे.

नोंदवही भरून टाकणारा हल्ला

या विषयाची पहिली मोठी घटना सप्टेंबर १९९६ मध्ये न्यूयॉर्क येथे घडली. पॅनिक्स नावाच्या इंटरनेट सेवादात्या कंपनीचे संगणक अनेक दिवस ग्राहकांना नीट सेवा देऊ शकले नाहीत. हल्लेखोराने वापरलेली पद्धत ‘सिन फ्लड’ म्हणून ओळखली जाते. तिचे तत्त्व साधे आहे.

दोन संगणकांचा संवाद सुरू होताना तीन पावले टाकली जातात. पहिला संगणक ‘मला बोलायचे आहे’ असे कळवतो. दुसरा ‘ठीक आहे, मी तयार आहे’ असे उत्तर देतो आणि या अर्धवट संवादाची नोंद मेमरीत ठेवतो. पहिल्याने ‘उत्तर मिळाले’ असे कळवले की संवाद सुरू होतो. आता समजा, पहिल्याने पहिले पाऊल टाकताना खोटा पत्ता दिला. दुसऱ्याचे उत्तर भलतीकडे जाते, तिसरे पाऊल कधीच पडत नाही आणि अर्धवट नोंद ठरावीक मुदत संपेपर्यंत जागा अडवून बसते. अशी हजारो पॅकेटे पाठवली की नोंदींसाठी ठेवलेली जागा भरते. मग खऱ्या माणसाची नोंद घ्यायला जागाच उरत नाही.

वसतिगृहाच्या फाटकावरची भेटीची नोंदवही डोळ्यांसमोर आणावी. पहारेकरी प्रत्येक निरोपासाठी वहीत एक ओळ राखून ठेवतो. कोणीतरी दिवसभर खोट्या नावांनी ‘आम्ही भेटायला येत आहोत’ असे निरोप पाठवत राहिला, तर संध्याकाळी लांबून आलेल्या पालकाला लिहायला ओळ शिल्लक नसते. निरोप पाठवणाऱ्याचे काहीच खर्च झालेले नाही. पहारेकऱ्याची मात्र वही संपली. सेवा-अवरोधाच्या बहुतेक सर्व उणिवांच्या मुळाशी हीच विषमता असते : हल्लेखोराला विचारायला जितका खर्च येतो, त्याहून रक्षकाला उत्तर द्यायला अधिक खर्च येतो.

यावरचा उपाय त्याच महिन्यात डॅनियल बर्नस्टाइन या गणितज्ञाने सुचवला. त्याला ‘सिन कुकी’ म्हणतात. यात दुसरा संगणक पहिल्या पावलावर काहीच नोंदवत नाही. समोरच्याचा पत्ता, स्वतःचा पत्ता, वेळ आणि फक्त स्वतःला ठाऊक असलेला एक गुप्त अंक यांच्यापासून तो ३२ बिटांची एक संख्या तयार करतो आणि उत्तरासोबत पाठवतो. तिसऱ्या पावलात ती संख्या परत आली, की तो हिशेब पुन्हा मांडून खातरजमा करतो आणि तेव्हाच नोंद घेतो. पहारेकऱ्याच्या भाषेत सांगायचे, तर त्याने वहीत ओळ राखण्याऐवजी कळवलेल्या पत्त्यावर स्वतःच्या शिक्क्याची चिठ्ठी धाडली. चिठ्ठी घेऊन जो येईल, त्याचेच नाव वहीत चढेल. खोटा पत्ता देणाऱ्याच्या हाती चिठ्ठी पडतच नाही.

फायरवॉललाही हेच तत्त्व लागू पडते. आपल्या मागे असलेल्या सर्व संगणकांच्या वतीने ती नोंदी ठेवत असल्यामुळे तिची नोंदवही सर्वांत आधी भरते. मागचे संगणक सुस्थितीत असूनही पुढचे दार अडून बसते, ते यामुळेच.

कष्ट करायला लावणारा हल्ला

दुसऱ्या प्रकारात मेमरीऐवजी प्रोसेसरची शक्ती संपवली जाते. व्हीपीएनचा बोगदा उभारताना दोन्ही बाजूंना एक गुप्त किल्ली ठरवावी लागते. त्यासाठी फार मोठ्या संख्यांची आकडेमोड करावी लागते. हल्लेखोर काहीही गणित न करता वाटेल ती संख्या पाठवू शकतो, परंतु ती खरी समजून व्हीपीएनचे यंत्र मात्र प्रामाणिकपणे आकडेमोड करत बसते. अशा हजारो विनंत्या आल्या की यंत्र दमते.

ही अडचण अभ्यासकांनी फार लवकर ओळखली होती. फिल कार्न आणि विल्यम सिम्पसन यांनी ‘फोटुरिस’ नावाच्या किल्ली ठरवण्याच्या पद्धतीत चिठ्ठीची योजना केली. त्या पद्धतीचा दस्तऐवज मार्च १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. व्हीपीएनमध्ये सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या ‘आयकेई’ या पद्धतीच्या २००५ मध्ये आलेल्या दुसऱ्या आवृत्तीत हीच कल्पना आहे. अर्धवट विनंत्या फार वाढल्या की यंत्र आधी चिठ्ठी पाठवते, आणि ती परत आल्याशिवाय जड गणिताला हात लावत नाही. परंतु चिठ्ठीने फक्त खोटे पत्ते अडतात. हल्लेखोराच्या ताब्यात इतरांचे हजारो खरे संगणक असतील, तर चिठ्ठ्या परत येतातच. म्हणून २०१६ मध्ये आणखी एक पायरी जोडली गेली. विनंती करणाऱ्याला एक कोडे घालायचे. ते सोडवायला त्याला श्रम पडतील, तपासायला मात्र रक्षकाला अगदी थोडे. एखादा खरा वापरकर्ता ते सहज सोडवतो. एकाच यंत्रावरून हजारो विनंत्या पाठवणाऱ्याला मात्र हजारो कोडी सोडवावी लागतात.

मार्च २०२० मध्ये लिनक्सच्या गाभ्यात समाविष्ट झालेल्या ‘वायरगार्ड’ या व्हीपीएनने आणखी कठोर भूमिका घेतली. ज्याच्याकडे योग्य किल्लीचा पुरावा नाही, त्याच्या पॅकेटला ते उत्तरच देत नाही. अनोळखी माणसाने दार ठोठावले तर आत कोणी आहे की नाही, हेसुद्धा त्याला कळत नाही.

थकवण्यासाठी प्रचंड मारा लागतो, हा समज २०१६ मध्येच खोटा ठरला. डेन्मार्कच्या टीडीसी या दूरसंचार कंपनीच्या सुरक्षा विभागाने नोव्हेंबरमध्ये ‘ब्लॅकनर्स’ नावाच्या हल्ल्याचे वर्णन प्रसिद्ध केले. ‘तुम्ही विचारलेले दार येथे बंद आहे’ असा निरोप देणारे एक साधे पॅकेट इंटरनेटवर नेहमीच फिरत असते. काही नामांकित फायरवॉलना हे पॅकेट तपासायला अवाजवी श्रम पडत. सेकंदाला १५ ते १८ मेगाबिट एवढा मारा त्यांना झोपवायला पुरेसा ठरला. ज्यांची जोडणी सेकंदाला एक गिगाबिटची होती, त्यांच्याही बाबतीत असे घडले. वाट रुंद होती. द्वारपाल मात्र एका किरकोळ प्रश्नाने गोंधळला.

काही वेळा हल्लेखोराचीही गरज पडत नाही. २ जुलै २०१९ रोजी क्लाउडफ्लेअर या कंपनीच्या जगभरातील सेवा सुमारे २७ मिनिटे कोलमडल्या. असंख्य संकेतस्थळांना संरक्षण देणाऱ्या तिच्या फायरवॉलमध्ये त्या दिवशी एक नवा नियम घालण्यात आला होता. मजकुरातला संशयास्पद भाग ओळखणाऱ्या त्या नियमाची रचना अशी होती, की काही मजकुरांवर तो लावताना जुळणीच्या शक्यता बेसुमार वाढत. नियम एकाच वेळी जगभर लागू केल्यामुळे सर्वत्र प्रोसेसर पूर्ण व्यापले गेले. सुरुवातीला हल्ल्याची शंका आली, पण कारण घरातच होते. मजकुराची तपासणी करणारी यंत्रणा जितकी हुशार, तितके तिला गोंधळवणारे मजकूरही अधिक, हा धडा यातून मिळतो.

ऑक्टोबर २०२४ मधील एक उदाहरण वेगळ्या अर्थाने बोलके आहे. सिस्को कंपनीच्या फायरवॉलमधील दूरस्थ व्हीपीएन सेवेत एक उणीव जाहीर झाली. लॉगिनच्या विनंत्या फार मोठ्या संख्येने आल्या की यंत्राची साधनसामग्री संपत असे आणि व्हीपीएन सेवा ठप्प होई. काही वेळा यंत्र पुन्हा सुरू करावे लागे. त्या वर्षी जगभरच्या व्हीपीएनवर पासवर्ड ओळखण्याचे स्वयंचलित प्रयत्न मोठ्या प्रमाणावर चालू होते. त्या चोरांना आत शिरायचे होते, दार बंद पाडायचे नव्हते. तरीही नुसत्या ठोठावण्याने दार जाम झाले.

एकच विकृत पॅकेट

तिसऱ्या प्रकारात संख्येची गरजच नसते. १९९६-९७ च्या सुमारास ‘पिंग ऑफ डेथ’ नावाचा प्रकार गाजला. नियमानुसार पॅकेट ६५,५३५ बाइटपेक्षा मोठे असू शकत नाही. परंतु तुकड्या-तुकड्यांनी पाठवलेले पॅकेट जोडल्यावर ते त्याहून मोठे होईल, अशी हातचलाखी करता येत असे. तसे कधी घडेल हे प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने गृहीतच धरले नव्हते. तुकडे जोडताना संगणक कोसळत असे.

फिनलंडमधील ओउलू विद्यापीठाच्या संशोधकांनी या उणिवा शोधण्याचे शास्त्रच उभे केले. नियमांत न बसणारी, मुद्दाम बिघडवलेली हजारो पॅकेटे ते एखाद्या यंत्राला पद्धतशीरपणे देत आणि ते कुठे अडखळते हे पाहत. नोव्हेंबर २००५ मध्ये व्हीपीएनच्या किल्ली ठरवण्याच्या पद्धतीवरील त्यांच्या चाचण्यांचे निष्कर्ष जाहीर झाले. सिस्को आणि ज्युनिपरसारख्या मोठ्या कंपन्यांच्या उत्पादनांपासून ओपनस्वान या मुक्त सॉफ्टवेअरपर्यंत अनेकांत दोष आढळले. या संशोधकांची शिस्त लक्षणीय आहे. चाचण्या सर्वांसाठी खुल्या करण्यापूर्वी त्यांनी त्या उत्पादकांना दिल्या, जेणेकरून दुरुस्तीला अवधी मिळावा.

वीस वर्षांनंतरही हा प्रकार संपलेला नाही. डिसेंबर २०२४ च्या अखेरीस पालो आल्टो नेटवर्क्स या कंपनीने आपल्या फायरवॉलमधील एक उणीव जाहीर केली. संकेतस्थळांची नावे तपासणारी सुरक्षा-सुविधा सुरू असेल, तर एका विशिष्ट रचनेच्या पॅकेटने फायरवॉल बंद पडून पुन्हा सुरू होई. असे वारंवार केल्यास ती देखभालीच्या स्थितीत जाऊन बसे. मग तिला माणसानेच हात लावून सावरावे लागे. उणीव जाहीर झाली तेव्हा तिचा प्रत्यक्ष गैरवापर होतही होता.

५ मार्च २०१९ : वीज कंपनीचा अनुभव

या सर्व विवेचनाचे मर्म एका घटनेत सापडते. अमेरिकेतील युटा राज्यातील एसपॉवर ही कंपनी सौर आणि पवन ऊर्जा निर्माण करत होती. तिची निर्मितीकेंद्रे दूरदूर पसरलेली होती आणि नियंत्रणकक्ष त्यांच्याशी जाळ्याने जोडलेला होता. ५ मार्च २०१९ रोजी नियंत्रणकक्षाचा या केंद्रांशी असलेला संपर्क तुटू लागला. खंड पाच मिनिटांहून कमी असे, पण तो पुन्हा पुन्हा पडत होता. हा प्रकार सुमारे दहा तास चालला.

तपासात कारण उघड झाले. केंद्रांच्या वेशीवरच्या फायरवॉलच्या वेब-पृष्ठात एक उणीव होती. कोणतीही ओळख न देता, इंटरनेटवरून तिचा वापर करून कोणीही त्या फायरवॉल पुन्हा सुरू व्हायला भाग पाडू शकत होते. दर वेळी फायरवॉल बंद पडून उठेपर्यंत नियंत्रणकक्षाला त्या केंद्राचे काही दिसत नसे. वीजनिर्मिती थांबली नाही, कोणाचे दिवे गेले नाहीत. परंतु ज्याने केंद्रावर लक्ष ठेवायचे, त्याचे डोळे पुन्हा पुन्हा मिटत होते.

उत्तर अमेरिकेच्या वीज-विश्वासार्हता संस्थेने, म्हणजे एनईआरसीने, सप्टेंबर २०१९ मध्ये या घटनेवरील धडा कंपनीचे नाव न घेता प्रसिद्ध केला. त्यातली मुख्य गोष्ट अशी, की ही उणीव अज्ञात नव्हती. ती आधीच ठाऊक असलेली होती. कंपनीने उत्पादकाचे सुधारित फर्मवेअर आधी कमी महत्त्वाच्या ठिकाणी बसवून पाहिले, मग एका केंद्रावर, आणि दुष्परिणाम नाही अशी खात्री झाल्यावर सर्वत्र. औषध उपलब्ध होते. ते वेळेवर घेणे राहून गेले होते.

द्वारपाल पडल्यावर दार उघडे की बंद?

फायरवॉल बंद पडली तर काय व्हावे, हा तांत्रिक तसाच नैतिक प्रश्न आहे. दार बंद राहिले तर आतली माहिती सुरक्षित राहते, पण सेवा थांबते. दार उघडे राहिले तर सेवा चालते, पण चोराला मोकळीक मिळते, आणि हल्लेखोराला नेमके तेच हवे असू शकते. बँकेच्या तिजोरीसाठी बंद दार योग्य ठरेल. अतिदक्षता विभागातील यंत्रांना जोडणाऱ्या जाळ्यात तोच निर्णय जीवघेणा ठरू शकतो. याचे एकच उत्तर नाही. मात्र संकट येण्याआधी, जबाबदार माणसांनी, लेखी स्वरूपात हे ठरवलेले असले पाहिजे. अन्यथा तो निर्णय यंत्राच्या कारखान्यातील मूळ मांडणीवर सोपवल्यासारखा होतो.

एकाच्या जोडीला दुसरी फायरवॉल ठेवणे हा नेहमीचा उपाय आहे. विजेचा किंवा सुट्या भागांचा बिघाड झाला तर तो उत्तम काम करतो. परंतु दोन्ही यंत्रांत एकच सॉफ्टवेअर असेल, तर ज्या पॅकेटने पहिले कोसळले त्याच पॅकेटने दुसरेही कोसळते. एकाच गुरूकडे शिकलेले, एकच चूक करणारे दोन पहारेकरी नेमल्याने ती चूक टळत नाही.

संस्थांनी काय करावे

पुढील गोष्टी मोठ्या खर्चाच्या नाहीत. आपल्या पतसंस्था, दवाखाने, महाविद्यालये आणि लहान उद्योग यांनाही त्या साधण्यासारख्या आहेत.

पहिली, यादी. वेशीवर कोणते यंत्र आहे, त्यात फर्मवेअरची कोणती आवृत्ती आहे, उत्पादक तिला अजून दुरुस्त्या पुरवतो का, हे एका कागदावर लिहिलेले असावे. ज्याची यादीच नाही, त्याची निगा राखता येत नाही.

दुसरी, दुरुस्तीचा वार ठरवणे. उत्पादकाच्या सूचना नियमित वाचणारी एक ठरलेली व्यक्ती असावी. सुधारणा आधी एका ठिकाणी, मग सर्वत्र, हा क्रम एसपॉवर आणि क्लाउडफ्लेअर दोघांच्याही अनुभवातून योग्य ठरतो.

तिसरी, दारे कमी करणे. फायरवॉलची मांडणी बदलण्याचे पृष्ठ संपूर्ण इंटरनेटला दिसण्याची गरज नसते. ते फक्त आतून उघडावे. न वापरली जाणारी सेवा बंद करावी, कारण प्रत्येक सेवेसोबत तिच्या उणिवाही येतात.

चौथी, वेशीच्या आधीचा गाळ काढणे. इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीशी बोलून, नको असलेली रहदारी फायरवॉलपर्यंत पोहोचण्याआधीच अडवता येते का, हे पाहावे. एका पत्त्याकडून येणाऱ्या विनंत्यांवर मर्यादा घालावी.

पाचवी, नोंदी आणि दूरध्वनी. यंत्र आपोआप पुन्हा सुरू झाले तर ते कोणाच्या तरी लक्षात आले पाहिजे. ‘कधी कधी बंद पडते, मग आपोआप सुरू होते’ हे वाक्य अनेक कार्यालयांत सहज उच्चारले जाते. मार्च २०१९ च्या घटनेनंतर या वाक्याकडे दुर्लक्ष करता येत नाही. जाळे बंद असताना काम कसे चालवायचे, कोणाला फोन करायचा, हेही कागदावर असावे.

भारतात अशा घटनांची नोंद घेणारी राष्ट्रीय संस्था सर्ट-इन ही आहे. तिच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सेवा-अवरोधासह ठरावीक प्रकारच्या सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांच्या आत कळवणे बंधनकारक आहे. संकोचापोटी घटना झाकून ठेवल्याने संस्थेची अब्रू वाचत नाही. इतर संस्थांना सावध होण्याची संधी मात्र हुकते.

विद्यार्थ्यांसाठी दोन शब्द

या विषयाची गोडी लागलेल्या विद्यार्थ्याला प्रयोग करावेसे वाटणे स्वाभाविक आहे. प्रयोग स्वतःच्या संगणकावर, स्वतःच्या यंत्रांच्या जाळ्यात करावेत. जुनी दोन यंत्रे आणि मोफत मिळणारे लिनक्स एवढ्या सामग्रीवर सिन कुकीचा परिणाम डोळ्यांनी पाहता येतो. दुसऱ्याच्या यंत्रावर, गंमत म्हणूनही, असा प्रयोग करू नये. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ मध्ये अधिकृत व्यक्तीला संगणकापर्यंत पोहोचू न देणे याचा स्पष्ट उल्लेख आहे. अप्रामाणिक हेतूने केलेल्या अशा कृत्याला कलम ६६ नुसार तीन वर्षांपर्यंत कारावास, पाच लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात.

कायद्यापलीकडचा विचारही आहे. पडद्यावर एक यंत्र बंद पडलेले दिसते, पण त्याच्या मागे रांगेत उभी असलेली माणसे दिसत नाहीत. उणीव सापडली तर ओउलूच्या संशोधकांनी केले तसे करावे : आधी ज्याचे यंत्र आहे त्याला कळवावे, दुरुस्तीला वेळ द्यावा, आणि मग सर्वांच्या ज्ञानात भर घालावी. हे ज्ञान ज्याच्या हाती आले, त्याने ते रांगेतल्या माणसाच्या बाजूने वापरावे.

धम्मपदाचा दुसरा वग्ग अप्पमादवग्ग आहे. अप्रमाद म्हणजे गाफील न राहणे. सुरक्षा-यंत्रणेच्या बाबतीत अप्रमादाचा अर्थ फार रोजच्या, साध्या कामांत उतरतो : यादी अद्ययावत ठेवणे, सूचना वाचणे, दुरुस्ती वेळेवर बसवणे, आणि पुन्हा पुन्हा बंद पडणाऱ्या यंत्राचे कारण शोधणे. या कामांची वर्तमानपत्रात बातमी होत नाही. ती नीट झाली, तर परगावच्या विद्यार्थ्याचा अर्ज भरला जातो, रुग्णाची नोंद उघडते आणि वीजकेंद्र नियंत्रणकक्षाला दिसत राहते. आपल्या शाळेचे जे माजी विद्यार्थी आज अशा वेशींवर काम करत आहेत, त्यांनी आपल्या यंत्राच्या फर्मवेअरची आवृत्ती या आठवड्यात एकदा तपासून पाहावी, एवढीच विनंती.